सुटलेली सवय, टिकलेली खोड

पत्र

सप्रेम नमस्कार,

माझं वय ४८. बारा वर्षं मी रोज सकाळी चालत होते. लेकीला शाळेच्या बसमध्ये बसवलं की कोपऱ्यावर मैत्रीण उभी असायची. तिथून आम्ही दोघी पाऊण तास चालून यायचो. पाऊस असो, थंडी असो, खंड नाही. मागच्या वर्षी लेक शिकायला बाहेरगावी गेली. त्याच सुमाराला मैत्रिणीनेही घर बदललं. एकटीने चालायचं असं ठरवलं होतं. आठ दिवस गेले असेन. मग कधी बंद पडलं ते कळलंसुद्धा नाही.

दोन महिन्यांपूर्वी आई घरात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता ती माझ्याकडेच आहे. फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम दिवसातून दोनदा मीच तिच्याकडून करून घेते. पाळी आता कधी दीड महिन्याने येते, कधी तीन. रात्री अंगातून वाफा निघतात, घामाने जाग येते, मग तासभर मोबाइल. जेवण उभ्या-उभ्या उरकते. पूर्वीइतकंच खाते, तरी पोट सुटलंय. रक्तदाब, साखर, कसलीच तपासणी तीन वर्षांत केलेली नाही. नवरा म्हणतो, आळस सोड, मनावर घे. मलाही तेच वाटतं.

एवढ्या वर्षांची चांगली सवय आठ दिवसांत गेली आणि नको त्या मात्र चिकटून बसल्या, असं का? परवा चालायला जायचं जाकीट कपाटातून काढलं तर खिशात लेकीचा केसांचा रबरबँड निघाला. तो हातात घेऊन बसूनच राहिले.

ता. क. – सांगायला लाज वाटते, पण शिंकताना, खोकताना थोडी लघवी होते. वयामुळे असेल म्हणून सोडून दिलंय.

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

‘आळस’ हा शब्द आधी बाजूला ठेवू. नवऱ्याने तो वापरला आणि तुम्ही लगेच अंगाला लावून घेतलात. बारा वर्षं भर पावसात चालणारी बाई एका वर्षात आळशी होत नाही. काहीतरी वेगळं झालंय, आणि ते काय हे तुमच्याच पत्रात लिहिलेलं आहे.

इतकी वर्षं तुम्हाला रोज सकाळी बाहेर कोण काढत होतं, ते आठवा. बस ठरल्या वेळी यायची. तिच्यासाठी तुम्हाला उठावंच लागायचं, कपडे बदलावेच लागायचे, बूट घालावेच लागायचे. बस सुटली की कोपऱ्यावर एक माणूस तुमची वाट बघत उभं असायचं. ‘आज जाऊ की नको’ हा प्रश्न डोक्यात यायच्या आत पावलं रस्त्याला लागलेली असायची. जिद्द तुमच्यात होती, नाही असं मी म्हणत नाही. पण रोज सकाळी तिची गरजच पडत नव्हती. चालणं त्या बसच्या खुंटीला टांगलेलं होतं. बस गेली, खुंटी गेली, आणि चालणं खाली पडलं. तुम्ही ते सोडलं नाहीत. म्हणूनच कधी बंद पडलं ते कळलं नाही.

सवयींचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड यांनी २००२ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यात भाग घेणाऱ्यांनी दर तासाला आपण काय करतोय आणि मनात काय चाललंय याची नोंद ठेवली होती. रोजच्या कामांपैकी साधारण ४३ टक्के कामं अशी निघाली, जी माणसं जवळपास रोज त्याच जागी, आणि बहुतेकदा भलताच विचार करत करत होती. आपल्याला वाटतं सवय आपल्या अंगात मुरलेली आहे. खरं तर तिचा मोठा हिस्सा बाहेर असतो, घड्याळात, दारात, समोरच्या माणसात. तुमच्या सवयीचा एक तुकडा तर जाकिटाच्या खिशात निघाला. बस यायच्या आधी घाईघाईत लेकीचे केस बांधताना एखादा जास्तीचा रबरबँड तिथे गेला असणार.

आता तुमचा दुसरा प्रश्न. नको त्या सवयी का टिकल्या? कारण त्यांच्या खुंट्या जागच्या जागी आहेत. उभ्याने जेवण्याची खुंटी आहे आईची हाक. बसलं की उठावं लागतं, म्हणून बसणंच सोडलंत. मोबाइलची खुंटी आहे रात्रीचा घाम. जाग आली, अंधार आहे, हाताला लागतो तो फोन. आणि माझा अंदाज चुकत नसेल तर त्या तासाला आणखी एक आधार आहे. चोवीस तासांत तो एकच तास असा आहे, ज्यात तुमच्याकडे कुणी काही मागत नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही असं आपण सहज म्हणून टाकतो, पण हे मला पूर्ण पटत नाही. खोडीला हात लावण्याआधी ती कशाला टांगली आहे ते बघायला हवं. तुमच्या बाबतीत मोबाइलशी भांडून काही होणार नाही, आधी घामाचं बघावं लागेल. त्याबद्दल पुढे लिहिते.

पंचेचाळीस ते पंचावन्न या दहा वर्षांत बायकांच्या दिवसाच्या खुंट्या एकामागून एक निघतात. मुलं बाहेर पडतात, आईवडिलांचं दुखणं घरात येतं, कामाच्या वेळा बदलतात, मैत्रिणी पांगतात. आणि नेमकं त्याच काळात शरीरही आपली घडी बदलत असतं. तुमच्यावर हे सगळं एका वर्षात आलं.

पण याला एक चांगली बाजूही आहे, आणि ती मी तुमच्या समाधानासाठी सांगत नाही. इंग्लंडमधल्या पीटरबरो शहरात बास व्हरप्लांकेन आणि त्यांच्या सहकाऱ्याने ८०० जणांवर केलेला एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या लोकांनी गेल्या सहा महिन्यांत घर बदललेलं होतं. विषय आरोग्याचा नव्हता, पर्यावरणाला सोयीच्या सवयींचा होता. पण दिसलं ते असं की नव्या सवयी घर बदललेल्यांमध्ये जास्त रुजल्या, आणि घर बदलल्यापासूनचे पहिले तीन महिने सगळ्यात अनुकूल होते. जुनी घडी विस्कटलेली असते आणि नवी अजून बसलेली नसते, तेव्हा तिच्यात नवं काही घालणं सोपं जातं. तुमची आई घरी येऊन दोन महिनेच झालेत. तुमच्या घराचा नवा दिनक्रम अजून ठरतोय. एकदा तो पक्का झाला की त्यात स्वतःसाठी जागा काढणं खूप जड जाईल. म्हणून ‘आई जरा बरी होऊ दे, मग बघू’ असं म्हणू नका.

आता पोटाबद्दल. पूर्वीइतकंच खाते तरी पोट सुटलंय, असं तुम्ही लिहिलंय. यावर ‘चाळिशीनंतर चयापचय मंदावतो’ हे उत्तर तुम्हाला दहा जणांनी दिलं असेल. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक माणसांच्या मोजणीवर आधारलेला अभ्यास आला. शरीराचा आकार हिशेबात धरला तर विशीपासून साठीपर्यंत चयापचयाचा वेग जवळपास स्थिर राहतो, असं त्यात आढळलं. बदलते ती शरीराची घडण. अमेरिकेत १९९६ पासून ‘स्वान’ नावाचा एक मोठा अभ्यास चालू आहे. सुरुवातीला ४२ ते ५२ वयाच्या ३,३०२ बायका त्यात होत्या आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांची तपासणी होत राहिली. त्यात दिसलं की पाळी अनियमित व्हायला लागली की शरीरात चरबी साठण्याचा वेग साधारण दुप्पट होतो आणि स्नायू कमी होऊ लागतात. शेवटच्या पाळीनंतर दोनेक वर्षांनी हा वेग थांबतो. म्हणजे वजनकाटा फारसा हलत नसला तरी आत अदलाबदल चालू असते. तुम्ही आज त्याच टप्प्यावर आहात.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण या वयात सवयी सुटण्यामागे हेही एक मोठं कारण असतं. बाई तेच करते, तेवढंच करते आणि आरसा मात्र वेगळं दाखवतो. मग ‘उपयोग काय’ असं वाटून ती तेही सोडते. उपयोग असतो, पण तो पोटाच्या घेरात मोजायचा नसतो. तो रक्तदाबात, साखरेत, झोपेत, जिना चढताना लागणाऱ्या दमात दिसतो.

आणि हाडांत. आई पडली, खुबा मोडला, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी तिथेच थांबले. बायकांची हाडं सगळ्यात वेगाने झिजतात ती शेवटच्या पाळीच्या साधारण एक वर्ष आधीपासून ते दोन वर्षं नंतरपर्यंत. झीज पुढेही होते, पण एवढ्या वेगाने नाही. आईवडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला असेल तर मुलांच्या हाडांचा धोकाही वाढलेला धरतात. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. हाडांची घनता मोजायची की नाही, ड जीवनसत्त्व तपासायचं की नाही, ते त्यावरून ठरवतील.

म्हणून बारा वर्षं चाललात तशाच पुन्हा चाला, एवढंच मी सांगणार नाही. चालणं हवंच, पण आता एकट्या चालण्याने भागणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. भरभर चालणं त्यात येतं. पण त्याच्या जोडीला आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायामही सांगितला आहे. हा दुसरा भाग बहुतेक बायकांच्या कानावरच आलेला नसतो, किंवा तो तरुण मुलांचा प्रांत वाटतो. ऑस्ट्रेलियात १०१ बायकांवर झालेला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. सगळ्या पाळी गेलेल्या, सरासरी वय ६५, हाडं आधीच विरळ झालेली. एका गटाने आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली जड वजनं उचलली. आठ महिन्यांनी त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली होती. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटली होती. जड वजनं उद्याच एकटीने उचला असं मी म्हणत नाही, ते शिकूनच करायचं काम आहे. पण उशीर झालाय असं मात्र मनात आणू नका. १९९० मध्ये नव्वदीच्या दहा वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा व्यायाम करून घेतला होता. त्यांच्या मांड्यांची ताकद दुपटीहून जास्त वाढली. तुम्ही ४८ च्या आहात.

मग नवी खुंटी कुठे ठोकायची? ती तुमच्या घरात रोज दोनदा हजर असते आणि तिच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही. आईचे व्यायाम! खुब्याच्या ऑपरेशननंतरच्या व्यायामात बहुतेक वेळा खुर्चीतून उठणं-बसणं असतं, आधार धरून टाचा उचलणं असतं. तुम्ही समोर उभ्या राहून मोजता, ‘आणखी एक, आणखी एक’ म्हणता. मोजणाऱ्या बाईच्या मांड्यांनाही त्याची तेवढीच गरज आहे. आईचा तोल सांभाळणं आधी, त्यात तडजोड नाही. पण ती दोन फेऱ्यांच्या मधे दम घ्यायला टेकते, त्या दोन मिनिटांत समोर दुसरी खुर्ची ठेवा आणि हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. मग भिंतीला हात लावून दहा वेळा टाचा उचला. दुसऱ्या फेरीनंतर पुन्हा तेच. दिवसात दोनदा. महिन्याभरात हे सोपं वाटायला लागलं की छातीशी काहीतरी वजन धरून करा. गुडघे कुरकुरत असतील तर फिजिओथेरपिस्ट आईसाठी येतील तेव्हा त्यांनाच विचारा. आईलाही आवडेल, मला खात्री आहे. आजारी माणसाला नुसती सेवा करून घेणं फार जड जातं, बरोबरीने काही केलेलं बरं वाटतं.

कुठली गोष्ट कधी आणि कुठे करणार हे नेमकं ठरवण्यात मोठी ताकद आहे. २००२ मध्ये विद्यार्थ्यांवर झालेल्या एका प्रयोगात व्यायामाचे फायदे समजावून सांगितलेल्यांपैकी ३५ टक्क्यांनी पुढच्या आठवड्यात एकदा तरी व्यायाम केला. ज्यांनी ती माहिती वाचलीच, पण शिवाय दिवस, वेळ आणि जागा कागदावर लिहून दिली, त्यांच्यापैकी ९१ टक्क्यांनी केला. नवऱ्याचं ‘मनावर घे’ इथे कमी पडतं. मनावर तुम्ही केव्हाच घेतलं आहे. कमी आहे ती वेळ आणि जागा.

किती दिवसांत सवय लागेल, असं विचाराल. एकवीस दिवसांत लागते असं सगळीकडे ऐकू येतं. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात आहे. ऑपरेशननंतर नव्या चेहऱ्याची ओळख पटायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे त्यातला ‘किमान’ गळाला आणि चेहराही गळाला. लंडनमध्ये ९६ जणांवर बारा आठवडे केलेल्या अभ्यासात एखादी साधी गोष्ट आपोआप व्हायला लागेपर्यंत मधल्या माणसाला ६६ दिवस लागतात असं निघालं. कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ पर्यंत गेला. त्यात मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. एखादा दिवस चुकला तर त्याने फारसं बिघडत नव्हतं. घरात आजारी माणूस असताना दिवस चुकणारच. चुकलेल्या दिवसाचा हिशेब ठेवू नका.

चालण्याचंही बघू. पाऊण तास सलग मिळत नसेल तर पंधरा मिनिटांच्या तीन खेपा चालतील. पावलं मोजत असाल तर १०,००० च्या आकड्याला घाबरू नका. तो १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला आहे, वैद्यकीय संशोधनातून नाही. २०१९ मध्ये सरासरी ७२ वयाच्या १६,७४१ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी आढळलं आणि ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढताना दिसला नाही. मैत्रिणीने घर बदललं, फोन बदललेला नाही. तिचंही चालणं त्याच दिवसांत बंद पडलं असेल, तिचीही खुंटी तुम्हीच होतात. ठरलेल्या वेळी दोघी आपापल्या रस्त्याला निघा आणि कानाला फोन लावून बोलत चाला.

मात्र त्या वेळात आईजवळ कुणीतरी बसायला हवं. हे न सोडवता बाकी कितीही सल्ले दिले तरी व्यर्थ आहेत. नवऱ्याला ‘जरा मदत कर’ असं मोघम सांगू नका. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेसहा ते सव्वासात आईजवळ तू बसायचंस, असं वार आणि वेळ घालून सांगा. भावंडं असतील तर त्यांनाही एकेक वार द्या. काळजी करणारी माणसं ‘कधीही हाक मार’ म्हणतात. ते मनापासूनच म्हणतात, पण हाक मारण्याची सवय तुम्हाला नाही.

आता रात्रीचं. वाफा येणं हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत. इस्ट्रोजेन खालीवर होतं तेव्हा मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र फार हळवं होतं. जराशी उष्णता वाढली की ते घाम फोडतं. काही महिन्यांत थांबेल म्हणून बऱ्याच जणी वाट बघतात. स्वानच्या अभ्यासात वारंवार वाफा येणाऱ्यांपैकी निम्म्या बायकांना हा त्रास ७.४ वर्षांपेक्षा जास्त काळ झाला होता. एवढी वर्षं अर्धवट झोपेवर काढायची का? उपचार आहेत. २००२ मध्ये अमेरिकेतली हार्मोन उपचारांची एक मोठी चाचणी मधेच थांबवली गेली आणि जगभर भीती पसरली. त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू करणाऱ्या निरोगी बायकांसाठी फायद्याचं पारडं बहुधा जड असतं, असं आज तज्ज्ञ मानतात. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात असं काही पूर्वी झालं असेल तर गोष्ट वेगळी. हार्मोन नको असतील तर दुसरी औषधं आहेत, सीबीटी नावाच्या समुपदेशनाचाही उपयोग होतो. निवड डॉक्टरांशी बोलून करा, पण बोला. झोप नीट लागली की मोबाइलचा तास बराचसा आपोआप सुटेल. तोवर फोन चार्जिंगला खोलीबाहेर लावा, आणि स्वतःचा तास दिवसा मागून घ्या.

तपासण्यांकडे वळते. तीन वर्षं काही केलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. आपल्या भाषेत याला फार नेमका शब्द आहे, अंगावर काढणं. मध्यम वयात बायकांच्या सगळ्या सवयी हलतात, ही तेवढी जागची हलत नाही. मी हे जवळून बघितलंय. पाळी जायच्या आधीची दोन वर्षं मला भयंकर रक्तस्राव व्हायचा. ‘या वयात होतंच’ असं म्हणत मी तो अंगावर काढला. दुसऱ्या मजल्यावर चढताना मधल्या वळणावर थांबून पर्समध्ये किल्ली शोधायचं नाटक करायचे, म्हणजे मागून येणाऱ्याला माझा दम कळू नये. किल्ली हातातच असायची. शेवटी तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ७.८ निघालं. गर्भाशयात गाठ होती, उपचार झाले आणि तीन महिन्यांत मी तो जिना न थांबता चढले. ती दोन वर्षं मला परत मिळाली नाहीत, म्हणून तुम्हाला एवढ्या कळकळीने सांगतेय. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, थायरॉइड एवढं या महिन्यात करून घ्या. गर्भाशयमुखाची आणि स्तनांची तपासणी केव्हा आणि किती वर्षांनी, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या, पण विषय तुम्हीच काढा. आणि एक कायम लक्षात ठेवा, बारा महिने पाळी न येता पुन्हा एक डाग जरी दिसला, तरी तो अंगावर काढायचा नाही.

आता ताजा कलम. तुम्ही लाजत लाजत शेवटी लिहिलंत, पण सगळ्या पत्रात मला तेच महत्त्वाचं वाटलं. शिंकताना, खोकताना लघवी निसटणं हे बाळंतपण झालेल्या, पाळी जायच्या वयातल्या असंख्य बायकांना होतं. हे सर्रास आढळतं, म्हणून ते सोसायलाच हवं असं नाही. आणि मला एक शंका आहे. एकटीने चालताना, भरभर चालताना, रस्त्यात शिंक आली तर काय, हा धाकही त्या आठ दिवसांत होता का? मैत्रीण सोबत असताना सांभाळून घेता येतं. एकटीला मग घरीच बरं वाटतं. कितीतरी बायकांचा व्यायाम या एका कारणाने सुटतो आणि त्या घरात कुणाला खरं कारण सांगत नाहीत. सगळे म्हणतात, आळस.

ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते. ती सैलावली की असं होतं, आणि व्यायामाने ती पुन्हा आवळता येते. अर्नोल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले. लघवी आणि वारा एकाच वेळी अडवतोय अशा तऱ्हेने स्नायू आत-वर ओढायचे, थोडा वेळ धरायचे, मग पूर्ण सैल सोडायचे. श्वास रोखायचा नाही, पोट आणि मांड्या आवळायच्या नाहीत. आणि प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करायचा नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या सूचनांनुसार एका वेळी किमान आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने, आणि तेही जाणकाराच्या देखरेखीखाली. देखरेख का, तर बऱ्याच जणी ओढण्याऐवजी खाली जोर देतात आणि त्रास वाढतो. याला खुंटी सोपी आहे, सकाळ-संध्याकाळ दात घासताना दोनदा आणि दुपारी आईला औषध देऊन टेकलात की तिसऱ्यांदा. लघवीला जळजळ होत असेल किंवा वारंवार जावं लागत असेल तर तेही सांगा, जंतुसंसर्ग आणि साखर दोन्ही बघावं लागेल.

हे सगळं एकदम सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त दोन गोष्टी, समोरची खुर्ची आणि डॉक्टरांची वेळ. स्वानमधल्या हजारभर बायकांच्या सवयींचा वर्षानुवर्षं माग ठेवला तेव्हा धूम्रपान न करणं, नीट आहार आणि पुरेसा व्यायाम या तिन्ही गोष्टी सगळी वर्षं सांभाळणाऱ्या बायका शंभरात दोनसुद्धा निघाल्या नव्हत्या. सगळ्याच थोड्या-थोड्या सुटत, थोड्या-थोड्या सावरत जातात. तरीही ज्यांचं एकूण जास्त सांभाळलं गेलं, त्यांच्या मानेतल्या रक्तवाहिन्या जास्त चांगल्या राहिल्या होत्या.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर सगळ्या तक्रारी लिहून न्या. आत गेल्यावर वेळ कमी असतो आणि लाज वाटणारी गोष्ट नेहमी दाराशी उठताना आठवते. म्हणून पत्रात ताजा कलम म्हणून जे लिहिलंत, ते त्या कागदावर पहिल्या ओळीत लिहा.

तुमची,
सदरलेखिका